चेलना मगदूमचा निभाव

प्रवेशाच्या हंगामात शिक्षण खातं पालकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढतं. तिच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सूचना असते : ‘पालकांनी पाल्याच्या वतीने पाल्य होऊ नये.’ सांगलीच्या बाहुबली मगदूम यांनी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यांची मुलगी चेलना बारावीला होती, आणि ते गेली पाच वर्षं जवळजवळ रोज संध्याकाळी चेलना होत होते.

वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मगदूमांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. घरात आणि यार्डात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. चेलना सातवीत असताना खो-खोच्या मंडळात जायला लागली आणि मंडळाचा सराव नेमका संध्याकाळी असे. शाळेनं दिलेल्या टॅबवर रोज तासभर स्वाध्याय करायचा असे, तोही संध्याकाळीच. स्वाध्याय चुकला की खंड पडे, आणि खंड पुढं महागात पडतात असं पालक सभेत सांगितलं होतं. नेमकं काय होतं ते सांगणाऱ्या बाईंनाही माहीत नव्हतं, त्यामुळे सगळेच जास्त घाबरले. एका संध्याकाळी चेलना बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली, “अण्णा, आजच्या दिवस तुम्ही करा की. मी आलोच.” ती आली, पण टॅब परत मागायचं तिच्या लक्षात राहिलं नाही आणि द्यायचं अण्णांच्या.

आता थोडं यंत्राविषयी.

मुलांना मार्क किती पडतात यावरून ती पुढं शिकतील की मधेच सोडतील हे कळत नाही, असं संशोधकांनी बऱ्याच खर्चानंतर सिद्ध केलं. दर वर्षी हजारो जागा दुसऱ्या वर्षापर्यंत रिकाम्या होत होत्या. मग कोण टिकतं? याचं उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी सापडलं : मूल अडतं त्या क्षणात. गणित सुटेनासं झालं की बोट किती वेळ थांबतं, मग उत्तर बघतं का, तीच पायरी पुन्हा करतं का, प्रश्न सोडून देतं का, सोडलेल्या प्रश्नाकडे दुसऱ्या दिवशी वळून येतं का. माणसाच्या चालण्याची जशी ढब असते तशी ही अडण्याची ढब असते, आणि वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षानंतर ती फारशी बदलत नाही. पाच वर्षांचं असं अडणं नोंदलं की त्यातून त्या मुलाची एक प्रतिकृती तयार करता येते. तिला काय येतं हा प्रश्नच नसतो. काहीच येत नसताना ती कशी वागते, एवढंच तिला माहीत असतं, आणि महाविद्यालयात शिकायला तेवढं पुरतं. तिला खात्यानं नाव दिलं प्रतिछाया.

ही प्रतिछाया मग एका आभासी महाविद्यालयात घालतात. तिथं तिला न कळणारी व्याख्यानं, नापास झालेले पेपर, खोलीतला घोरणारा सोबती, मेसची आमटी, घरून आलेल्या वाईट बातम्या, असं सगळं रीतसर मिळतं. घरची परिस्थितीही भरलेली असते. चार वर्षं काही मिनिटांत उरकतात आणि हा खेळ हजार वेळा खेळतात. त्यातल्या शंभरामागे किती वेळा ती पदवीपर्यंत पोचली, तो तिचा निभाव. प्रत्येक शाखेचा निभाव वेगळा, कारण भूमितीत चिवट असलेला माणूस वनस्पतीशास्त्रात पहिल्याच पानावर कोलमडू शकतो. साठच्या खाली निभाव असेल त्या शाखेला अर्जच करता येत नाही. हे मुलांच्या हितासाठी आहे.

अण्णांच्या गल्लीत मुलांचे स्वाध्याय करणारे ते एकटे नव्हते. पण बाकीचे आईबाप उत्तरं शोधून भरत किंवा शिकवणीच्या सरांना बसवत. न अडणारी मुलं यंत्र संशयानं बाजूला काढी आणि तो भाग हिशेबातून वगळी. अण्णांचं तसं नव्हतं. त्यांना उत्तरं खरोखरच येत नव्हती. दुकान बंद झाल्यावर पोत्यांना पाठ टेकून, पिवळी बोटं धोतराला पुसत, ते मनापासून अडत. तेच गणित चार-चार संध्याकाळी करत. एवढं अस्सल अडणं यंत्राला जिल्ह्यात दुसरीकडे फार थोड्या ठिकाणी मिळालं असेल.

त्यात त्यांना सुखही होतं. आता विसरलं असलं तरी बारावीला त्यांचं गणित चांगलं होतं आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला जायचं ठरलं होतं. त्या जूनमध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि दुकानात कुणीतरी बसायला हवं होतं. हे ते लग्नाकार्यात शेजारच्या पाटावरच्या अनोळखी माणसाला सांगत. घरात सांगत नसत, घरात सगळ्यांना पाठ होतं. जीवशास्त्राचं मात्र त्यांना वावडं होतं. आतड्यांची चित्रं आली की ते डोळे बारीक करून कुठल्याही चौकोनात टिचकी मारत आणि पुढं जात.

चेलनाला फिजिओथेरपीला जायचं होतं. मंडळातल्या एका मुलीचा गुडघा गेला तेव्हा ही रोज तिच्याबरोबर दवाखान्यात जायची, आणि गुडघा परत चालता करणाऱ्या बाईंचे हात बघत बसायची. तेव्हापासून ठरलं होतं. खेळात ती पळणारी होती. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की त्याला मागं वळता येत नाही, पळणाऱ्याला येतं. तिचे सर म्हणत, हिच्यासमोर वाट बंद झाली की ही थांबत नाही, वळते. यंत्राला हे कधी दिसलंच नाही.

निकाल लागला. इलेक्ट्रिकल सत्त्याण्णव, लेखाकर्म अठ्ठ्याऐंशी. फिजिओथेरपी चौदा. बाकी सगळं साठच्या खाली.

चेलनानं आकडे दोनदा वाचले आणि टॅब अण्णांच्या पुढ्यात ठेवला, आपला नसलेला डबा परत करावा तसा. बोलल्या त्या तिच्या आई, त्रिशलाबाई. त्या भाकरी थापत होत्या आणि त्यांनी थापणं थांबवलं नाही.

“म्हणजे बापाला आतडी बघवत नाहीत, म्हणून पोरीनं कुणाचे गुडघे बघायचे नाहीत.”

अण्णांच्या डोळ्यांपुढून सत्त्याण्णव हा आकडा हलेना. आपल्याला थोडं बरं वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याची त्यांना लाज वाटली, पण बरं वाटणं काही कमी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि चेलना विश्रामबागेत हुपरीकर मॅडमकडे गेले. मॅडम प्रवेशाच्या सल्लागार. पूर्वी त्या मुलांचा कल शोधून देत. आता कल यंत्र शोधतं, त्यामुळे त्या त्यातून वाट शोधून देतात आणि धंदा तिपटीनं वाढलाय. त्यांनी आकड्यांवर नजर टाकली आणि चेलनाऐवजी अण्णांच्या बोटांकडे बघितलं.

“घरात स्वाध्यायाला नेमकं कोण बसत होतं?” त्यांनी विचारलं. “आजोबा?”

“मीच,” अण्णा म्हणाले.

मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. असं खूप होतं, त्या म्हणाल्या. मिरजेच्या एका मुलाचे स्वाध्याय त्याची आजी करायची. त्याला कीर्तनशास्त्रात नव्याण्णव निभाव आला आणि बाकी सगळीकडे शून्य. आता दुसऱ्या वर्षाला आहे, आवाज बरा लागतो म्हणतात.

मग त्यांनी परिस्थिती समजावून सांगितली, शांतपणे, बँकेत कर्जाच्या अटी सांगतात तशी. खरं सांगून टाकता येतं. खातं त्याबद्दल शिक्षा करत नाही, फक्त प्रतिछाया रद्द करतं. प्रतिछाया नसलेल्या विद्यार्थ्याला कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश नसतो. नवीन तयार करायला पाच वर्षांच्या नोंदी लागतात, त्या आजपासून सुरू करता येतील. किंवा गप्प बसायचं आणि आलेली जागा घ्यायची. तीही घेऊन सुटका नसते, कारण पुढं दर महिन्याला ताळमेळ बघतात, म्हणजे मूल आपल्या प्रतिछायेसारखंच वागतंय की नाही. चाळीसच्या खाली दोनदा गेलं की जागा जाते, आणि जागेबरोबर प्रतिछायाही.

“तिसरं काही?” चेलनानं विचारलं.

“तिसरं म्हणजे लग्न,” मॅडम म्हणाल्या. “त्याला अजून निभाव लागत नाही.”

हसायचं असावं असं वाटून अण्णा हसले. चेलना खिडकीतून बाहेर बघत होती, खाली उतरायला किती ठिकाणांहून येईल याचा अंदाज घेतल्यासारखी.

उठताना मॅडमनी एक सल्ला दिला. जागा निश्चित करण्याआधी कुटुंबाला प्रतिछायेची समक्ष भेट मागता येते. फार जण मागत नाहीत. तुम्ही मागू नका.

चेलनानं त्याच दिवशी मागितली.

भेट एका शाळेच्या जुन्या संगणक कक्षात होती. आत टेबल, तीन खुर्च्या, एक स्पीकर आणि खात्याचा एक अधिकारी. पहिल्या वर्षी खात्यानं प्रतिछायांना चेहरेही दिले होते, पण आया पडद्याला हात लावून रडायला लागल्या आणि पडदे खराब व्हायला लागले. आता नुसता आवाज असतो. अधिकाऱ्यानं सांगितलं की सगळं ध्वनिमुद्रित होतंय, उत्तरं चार वर्षं पूर्ण केलेल्या प्रतिछायेची आहेत, आणि तिला दुखावण्याची काळजी करू नये. मग त्यानं बटण दाबलं आणि चेलनाच्याच आवाजात कुणीतरी घसा खाकरला.

चेलना जरा मागं सरकली. घसा खाकरून बोलायची सवय तिला नव्हती. ती शेजारी बसलेल्या माणसाला होती.

“खेळतीस का तिथं?” तिनं विचारलं.

“पहिल्या वर्षी मैदानावर जाऊन बघून आलो,” आवाज म्हणाला. “मग राहिलंच. संध्याकाळी बसायचं असतं ना.”

“कंटाळा नाही येत?”

“येतो की. पण आता एवढं झालंय, तर पुरं करायचं.”

अण्णांचे कान तापले. हे वाक्य ते पोतं शिवताना म्हणत, नकोसं झालेलं ताट संपवताना म्हणत, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी त्रिशलाबाईंनाही म्हणाले होते. आता ते त्यांच्या मुलीच्या आवाजात, त्यांच्याच संथपणे, एका सरकारी स्पीकरमधून येत होतं.

चेलनानं मैत्रिणींविषयी विचारलं, तर आवाज म्हणाला, आहेत, चांगल्या आहेत, बोलावतात, जायला जमत नाही. कधी पळून यावंसं वाटलं का, यावर आवाज बराच वेळ थांबला आणि प्रश्न पुन्हा सांगायला सांगितला. पुन्हा सांगूनही त्याला कळला नाही. अधिकारी म्हणाला, काही प्रतिछायांचं असं होतं, पुढचा प्रश्न घ्या.

“पदवी मिळाल्यावर काय केलंस?”

“घरी आलो.”

“नोकरी नाही मिळाली?”

“दोन आल्या होत्या चांगल्या. पण दुकान होतं ना. उघडायला कुणीतरी पाहिजे.”

“वडील आजारी होते का?” हा प्रश्न अण्णांनी विचारला. आपण बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर समजलं.

“नाही,” आवाज म्हणाला. “घरात सगळे धडधाकट आहेत. कुणी बोलावलं नव्हतं. आपलं बरं असतं घरी.”

अधिकारी मधे पडला. पदवीनंतरचं आयुष्य निभावात धरत नाहीत, तेव्हा कुटुंबानं तिकडे लक्ष देऊ नये. अण्णांनी त्याला विचारलं, हे असं किती वेळा झालं? अधिकाऱ्यानं आपल्या टॅबवर खाली-वर केलं. ज्या ज्या वेळी पदवी मिळाली, त्या त्या वेळी, तो म्हणाला. एकदाही वेगळं नाही. आणि चांगल्या बातमीसारखं पुढं म्हणाला, इतकी सुसंगत प्रतिछाया क्वचित असते.

अण्णांपाशी तीस वर्षं एक जून महिना होता. त्या जूनमध्ये वडील पडले नसते तर, एवढ्यावर त्यांचं बरंचसं आयुष्य उभं होतं. आता यंत्रानं त्यांना शेकड्यांनी जून दिले होते, वडील पायावर उभे, जागा पक्की, पदवी हातात, नोकऱ्या दारात. आणि प्रत्येक वेळी ते गाडी पकडून सांगलीला आले होते आणि दुकानाचं शटर वर केलं होतं.

समोरचा स्पीकर त्यांना अचानक बघवेना. शेजारी मुलगी बसली होती. ती त्याच्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. रागाला त्यांनी तोंड दिलं असतं.

“साहेब,” ते अधिकाऱ्याला म्हणाले, “एक सांगायचं राहिलंय. हे जे बोलतंय ना…”

“अण्णा, गप्प बसा.”

“बाळ, सांगू दे मला. रद्द होऊ दे. पाच वर्षं काय, बघता बघता…”

“आणि पाच वर्षं मी कुठं बसू?” चेलना इतक्या हळू बोलली की अधिकाऱ्याला पुढं झुकावं लागलं. “दुकानातच ना? तिथं बसून बसून नवीन तयार होईल, ती कुणासारखी होईल?”

अधिकाऱ्यानं विचारलं, पालकांना काही नोंदवायचं आहे का. चेलना म्हणाली, त्यांना विचारायचं होतं की हॉस्टेलला पाणी चोवीस तास असतं का. अधिकारी म्हणाला, ते त्याला माहीत नाही. मग तिनं टेबलावरच्या काचेवर अंगठा ठेवला. इलेक्ट्रिकलची जागा निश्चित झाली. स्पीकरमधून तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “बरं झालं,” आणि बंद झालं.

ऑगस्टमध्ये ती गेली. पुण्यापलीकडे, रात्रभराच्या अंतरावर. त्रिशलाबाईंनी लाडू दिले, अण्णांनी जुनं कॅल्क्युलेटर दिलं. बस सुटताना चेलना खिडकीतून हात हलवायचा म्हणून हलवत होती. अण्णा घरी आले आणि संध्याकाळी सवयीनं टॅब शोधायला लागले.

तिकडे स्वाध्याय पालकांना करता येत नाहीत. बाकाखाली वजन मोजतात आणि समोर डोळे वाचणारा कॅमेरा असतो. त्यामुळे अडायचं तर चेलनालाच होतं, आणि ती आपल्या पद्धतीनं अडायची : एक वाट बंद दिसली की उठायची, दुसऱ्या विषयाचं पुस्तक उघडायची, मैदानाला एक फेरी मारून यायची आणि कधी कधी तिथंच उत्तर घेऊन परत यायची. उत्तर बरोबर यायचं. पहिल्या महिन्याचा ताळमेळ अडतीस आला. महाविद्यालयानं कळवलं की विद्यार्थिनी तिच्या स्वतःच्या स्वभावापासून चिंताजनक प्रमाणात दूर जात असून, अजून एक संधी देण्यात येत आहे.

त्या संध्याकाळी तिचा फोन दुकानात आला. अण्णा पोती मोजत होते.

“अण्णा, मला सांगा,” ती म्हणाली. “गणित अडलं की तुम्ही नेमकं काय करता?”

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. ते पोत्यावर बसले. म्हणाले, आधी हातातलं खाली ठेवतो. पाणी पितो. मग तेच परत पहिल्यापासून बघतो.

“तेच?”

“तेच. दुसरीकडून बघायचं सुचत नाही मला.”

पलीकडे ती लिहून घेत होती, कागदाचा आवाज येत होता. उठून फेऱ्या मारायच्या नाहीत ना? नाही. पाय हलवायचे? उजवा, थोडासा. राग आला तर? गिळायचा. जेवणाआधी का नंतर? अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, आधी, नंतर पचत नाही. दोघंही थोडं हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले होते, त्यामुळे नीट जमलं नाही. अडत असताना तुम्ही मनात काय म्हणता, तिनं विचारलं. त्यांनी सांगितलं. ते तिला ठाऊक होतं, तरी तिनं लिहून घेतलं.

मग कागदाचा आवाज थांबला.

“आणि सगळं तिथंच टाकून उठून जावंसं वाटलं, तर काय करता?”

बाहेर ट्रकवर पोती चढत होती. अण्णांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. काहीतरी सांगायला हवं होतं, आणि खोटं सांगितलं तर तिचा ताळमेळ बिघडला असता.

“ते मला कधी जमलं नाही, बाळ,” ते म्हणाले. “ते दुसऱ्या कुणाला तरी विचार.”

“हितं दुसरं कुणी नाही, अण्णा,” चेलना म्हणाली. “बरं, ठेवतो. बसायचंय.”

पुढच्या महिन्याचा ताळमेळ चौऱ्याण्णव आला. महाविद्यालयानं पालकांच्या फोनवर अभिनंदनाचा संदेश पाठवला. पाल्याला पुन्हा तिच्या मूळ स्वभावाकडे आणल्याबद्दल आभार मानले होते, आणि इतर कुटुंबांच्या माहितीसाठी विचारलं होतं : आपण घरून नेमकं काय मार्गदर्शन केलंत? शंभर शब्दांत लिहा.

अण्णांनी प्रश्न वाचला. बराच वेळ बघत राहिले. मग फोन खाली ठेवला, पाणी प्यायले, आणि परत पहिल्यापासून वाचायला लागले.